ट्रायकेअर, ब्रेस, इनसोल आणि ऑर्थोपेडिक बूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेतल्या अशा मराठी कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्या घरातलं कोणीतरी तिथल्या सैन्यदलात आहे किंवा तिथून निवृत्त झालं आहे. पायाच्या तक्रारींवर ट्रायकेअर, म्हणजे अमेरिकी सैन्यदलांचा आरोग्यविमा, कधी पैसे देतं आणि कधी देत नाही, यावरून फार गोंधळ होतो. डॉक्टर सहज म्हणतात, "स्पेशल बूट घ्या." आपण घेतो आणि महिन्याभराने नकाराचं पत्र येतं. एक गोष्ट आधीच सांगते, पुढची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत : ट्रायकेअर नुसत्या बुटाचे पैसे देत नाही. तो बूट पायाच्या ब्रेसचा, म्हणजे बाहेरून आधार देणाऱ्या साधनाचा, भाग असेल किंवा पेशंटला मधुमेह असेल, तरच दार उघडतं. त्यामुळे खरेदीच्या आधी कागदावर काय लिहिलं आहे ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं.

ट्रायकेअर कोणाला मिळतं?

सेवेतले सैनिक, त्यांचे पती किंवा पत्नी, मुलं, आणि निवृत्त सैनिक व त्यांचं कुटुंब यांना. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, मरीन, स्पेस फोर्स आणि कोस्ट गार्ड तर आहेतच, शिवाय पब्लिक हेल्थ सर्व्हिस आणि नोआ (सागर आणि हवामान संस्था) यांच्या वर्दीतल्या अधिकाऱ्यांनाही ते लागू आहे. ज्याच्या नोकरीमुळे हा हक्क येतो त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. घरातल्या प्रत्येकाचं नाव 'डीअर्स' या नोंदणी यंत्रणेत बरोबर असायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललं, बाळ झालं, पत्ता बदलला, की आधी तिथे दुरुस्ती करा. नोंद चुकीची असेल तर बुटाचाच काय, तापाच्या औषधाचाही क्लेम अडकतो.

कारभार डिफेन्स हेल्थ एजन्सीकडे आहे, पण तुमचा रोजचा संबंध कंत्राटदार कंपनीशी येतो. पूर्व विभागात ह्युमाना मिलिटरी, पश्चिम विभागात १ जानेवारी २०२५ पासून ट्रायवेस्ट. त्याच दिवशी टेक्सास, इलिनॉय, लुइझियाना, ओक्लाहोमा, आर्कान्सा आणि विस्कॉन्सिन ही सहा राज्यं पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. डॅलस, ह्यूस्टन किंवा शिकागोच्या परिसरात राहत असाल आणि जुना फोन नंबर लावून बसला असाल, तर तो आता उपयोगाचा नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे. तरी ऑर्थोपेडिक बुटांचे पैसे का मिळत नाहीत?

कारण ही बंदी कायद्यातच आहे. अमेरिकी संहितेच्या दहाव्या भागात, कलम १०७७ मध्ये, सैनिकांच्या कुटुंबीयांना काय देता येणार नाही याची यादी आहे आणि तिच्यात ऑर्थोपेडिक पादत्राणांचं नाव स्पष्ट आहे. त्यावर आधारलेल्या नियमांनी ही बंदी आणखी पसरवली : पावलाच्या कमानीला आधार देणारे आर्च सपोर्ट, बुटात घालायचे इनसोल, मापाने बनवलेले उंच टाचेचे किंवा जाड सोलचे बूट, आणि साधा बूट घेऊन नंतर त्याचा सोल वाढवून घेणं हे सगळं बाहेर.

म्हणून डॉक्टर कितीही मोठे असले, चिठ्ठी कितीही ठासून लिहिलेली असली, तरी नुसत्या गरजेने काम होत नाही. वैद्यकीय गरज आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ती वस्तू योजनेत बसते की नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' असूनही दुसऱ्याचं 'नाही' येऊ शकतं. मला हा नियम योग्य वाटत नाही. एक पाय आखूड असलेल्या मुलाला उंच सोलचा बूट ही चैन नव्हे. पण नियम बदलत नाही तोवर त्याच्यासाठी घरखर्चात तरतूद करावी लागते, हे आधी कळलेलं बरं.

मग ऑर्थोटिक्समध्ये, म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या साधनांमध्ये, काय मिळतं?

बरंच काही. पायाचा, हाताचा, पाठीचा आणि मानेचा ब्रेस ट्रायकेअरमध्ये बसतो, अर्थात वैद्यकीय गरज असेल आणि योग्य डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर. आपल्याकडे ज्याला कॅलिपर म्हणतात, तो पोलिओनंतर किंवा सेरेब्रल पाल्सीत लागणारा मांडीपासून पावलापर्यंतचा आधार ब्रेसच आहे. पक्षाघातानंतर पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीला अडकतात, तेव्हा घोट्याला काटकोनात धरणारा प्लॅस्टिकचा ब्रेस देतात. त्याला 'एएफओ' म्हणतात. किशोरवयात पाठीचा कणा वाकत असेल तर अंगाभोवती घालायचा ब्रेसही याच गटात येतो.

घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर देतात तो गुडघ्याखालचा मोठा 'वॉकिंग बूट' नावाने बूट असला तरी बिलाच्या भाषेत ब्रेस आहे. उलट 'कस्टम ऑर्थोटिक' हा शब्द कानाला भारदस्त वाटतो, पण पोडियाट्रिस्टच्या, म्हणजे पायांच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात तो बहुतेक वेळा मापाने बनवलेल्या इनसोलसाठी वापरतात, आणि इनसोल वगळलेला आहे. दवाखान्यातल्या बाई "ऑर्थोटिक्स कव्हर होतात" म्हणाल्या, तर लगेच विचारा : ब्रेस की इनसोल? बिलावर कोणता कोड लागणार? साच्यावरून बनवलेल्या इनसोलचा कोड सहसा एल ३००० असतो. तो दिसला की खर्च आपला, असं समजून चाला.

बूट ब्रेसला जोडलेलाच असेल तर?

हाच पहिला अपवाद. बूट हा ब्रेसचा अविभाज्य भाग असेल, म्हणजे बुटाशिवाय ब्रेस चालणारच नसेल, तर ब्रेसबरोबर तोही मिळतो. जुन्या पद्धतीचे धातूच्या पट्ट्यांचे कॅलिपर बुटाच्या टाचेत बसवलेले असतात, ते याचं सरळ उदाहरण.

लहान मुलांमधलं क्लबफूट, म्हणजे जन्मतः आत वळलेलं पाऊल, त्याच्यासाठीही हा अपवाद महत्त्वाचा आहे. पोन्सेटी पद्धतीत आधी दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात, आणि मग दोन छोटे बूट आडव्या पट्टीला जोडलेला ब्रेस देतात. सुरुवातीचे तीन महिने तो दिवसातले जवळपास २३ तास घालायचा, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना. पट्टी काढली तर त्या बुटांचा उपयोग नाही, बूट काढले तर पट्टीचा नाही. म्हणून चिठ्ठीवर आणि बिलावर 'बूट' असं सुटं लिहू देऊ नका, 'ब्रेस, जोडलेल्या बुटांसह' असं लिहून घ्या. आणि खर्चाच्या काळजीने किंवा बाळ रडतं म्हणून हा ब्रेस मध्येच सोडू नका. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण ब्रेस नीट न घालणं हेच आहे.

प्लॅस्टिकचा एएफओ मात्र बाजारातल्या साध्या बुटात घालता येतो. त्यासाठी एक माप मोठा बूट लागला तर तो आपल्या पैशाने.

बाळाचं डोकं एका बाजूने चपटं झालंय. हेल्मेट मिळेल?

झोपण्याच्या सवयीमुळे डोकं चपटं झालं असेल तर नाही. कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्यामुळे शस्त्रक्रिया झाली असेल आणि त्यानंतरही आकार बराच बिघडलेला असेल, तर ३ ते १८ महिन्यांच्या बाळासाठी ते बसतं.

मधुमेह असेल तर बूट मिळतात, हे खरं का?

खरं आहे, आणि आपल्या लोकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असा हा भाग आहे. दक्षिण आशियाई लोकांमध्ये मधुमेह लवकर आणि जास्त प्रमाणात होतो. पायाकडे मात्र शेवटी लक्ष जातं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग बधिरपणा येतो. दुखणं थांबलं म्हणून माणूस खूश होतो, पण खरा धोका तिथूनच सुरू होतो. बुटात शिरलेला खडा टोचत नाही, नव्या चपलेचा अंगठा घासला तरी कळत नाही. भोवरीखाली व्रण होतो, तो चिघळतो, आणि रक्तपुरवठा कमी असेल तर बोट किंवा पाऊल कापायची वेळ येते. यातल्या पुष्कळ शस्त्रक्रिया योग्य बुटाने टळू शकतात.

ट्रायकेअर मधुमेहींसाठी दोन प्रकारचे बूट देतं. पहिला प्रकार जास्त खोलीचा. आतला संपूर्ण थर काढला की किमान तीन-सोळांश इंच, म्हणजे साधारण पाच मिलिमीटर, जादा जागा मिळते आणि तिथे पेशंटसाठीचा इनसोल बसतो. दुसरा प्रकार पावलाचा साचा घेऊन बनवलेला. पावलाचा आकारच इतका बदललेला असतो की तयार बूट कोणत्याही मापात बसत नाही, अशांसाठी तो आहे.

एका कॅलेंडर वर्षात साच्याचे बूट घेतले तर एक जोड त्याच्या इनसोलसह, आणि वर इनसोलचे आणखी दोन जोड. जास्त खोलीचे घेतले तर बुटांचा एक जोड आणि इनसोलचे तीन जोड. इनसोलचे तीन जोड म्हणजे साधारण चार महिन्यांना एक. हा मऊ थर दाबून चपटा होतो आणि मग त्याचा उपयोग उरत नाही, म्हणून जुने वापरत राहू नका. हिशेब कॅलेंडर वर्षाचा आहे, म्हणजे डिसेंबरपर्यंत न घेतलेला जोड पुढच्या वर्षी जादा मिळणार नाही.

एखाद्या इनसोलच्या ऐवजी बुटातच बदलही करून घेता येतो : पुढे घरंगळणारा रॉकर सोल, बोटांच्या मुळाशी दाब कमी करणारी पट्टी, टाचेला पाचर. आणि योग्य बूट आधीच असतील, तर डॉक्टरांच्या तशा दाखल्यावर नुसते इनसोलही घेता येतात.

नुसता मधुमेह असला की पुरे, की आणखी काही लागतं?

आणखी लागतं. पायाला प्रत्यक्ष धोका आहे हे नोंदीत दिसायला हवं. आधी बोट किंवा पावलाचा भाग कापावा लागलेला असणं, पूर्वी व्रण होऊन गेलेला असणं, व्रण होण्याच्या बेतात असलेले घट्टे, बधिरपणा आणि त्यासोबत घट्टे, पावलाचा आकार बिघडलेला असणं, किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असणं यांपैकी किमान एक.

इथे दोन वेगळ्या डॉक्टरांचं काम असतं आणि गोंधळ नेमका त्यांच्या मध्ये होतो. तुमच्या मधुमेहाचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दाखला द्यायचा, की हा पेशंट आपल्या देखरेखीखाली आहे आणि त्याला असे बूट लागतात. बूट लिहून द्यायचं काम पोडियाट्रिस्ट किंवा दुसरे जाणकार डॉक्टर करतात. बनवून किंवा बसवून देणारा तिसराच. पोडियाट्रिस्टचा कागद आहे पण मधुमेहाच्या डॉक्टरांचा दाखला नाही, यावर क्लेम अडकतो. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा मोजे काढून बसा आणि पाय तपासायला सांगा. दहा ग्रॅमच्या बारीक नायलॉन तंतूने तळव्याला स्पर्श करून बधिरपणा बघतात, दोन मिनिटांचं काम असतं. त्या तपासणीची नोंद फाइलमध्ये असणं पुढे फार उपयोगी पडतं.

हे बूट मिळाले, पण घरात तर आपण अनवाणीच असतो. चालेल ना?

नाही चालणार. आपल्याकडे उंबऱ्याबाहेर चपला काढायची सवय आहे आणि ती मोडायला सांगताना जिवावर येतं. पण बधिर पायाला घरातली टाचणी, गरम फरशी, देवघरासमोर सांडलेलं तेल, यांतलं काहीच कळत नाही. घरात वापरायला एक स्वच्छ बंद जोड वेगळा ठेवा, तो बाहेर नेऊ नका, म्हणजे सोवळ्यालाही बाध येत नाही. देवळात जाताना जाड मोजे घाला. उन्हाळ्यात फरशी तापलेल्या मंदिरात प्रदक्षिणा टाळा. अंगठ्यात अडकणारी चप्पल बधिर पायासाठी वाईटच : ती पकडून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि पट्टा दोन बोटांच्या बेचक्यात घासतो.

नवे बूट पहिल्या दिवशी तासभर घाला, काढून तळवा आरशात बघा, लाल डाग असेल तर बसवून देणाऱ्याकडे परत जा. रोज घालण्याआधी बुटात हात घालून चाचपा.

बाबा ६७ वर्षांचे आहेत, अमेरिकी सैन्यातून निवृत्त. त्यांच्या बुटांचे पैसे कोण देणार?

मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचे, भाग 'ए' आणि 'बी' दोन्ही असतील, तर त्यांना त्याला जोडून चालणारं 'ट्रायकेअर फॉर लाइफ' मिळतं. भाग 'बी'चा हप्ता जड वाटतो म्हणून तो सोडला, तर ट्रायकेअरही जातं. हे पुष्कळांना उशिरा कळतं.

मधुमेहाच्या बुटांना आधी मेडिकेअर पैसे देतं, मग उरलेली रक्कम ट्रायकेअर. दोन्हीकडे बसणारी वस्तू असल्याने बाबांच्या खिशातून सहसा काही जात नाही. मेडिकेअरच्या तारखा मात्र काटेकोर आहेत. बूट हातात येण्याआधीच्या सहा महिन्यांत मधुमेहाच्या डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट झालेली हवी, आणि त्यांचा सही केलेला दाखला आधीच्या तीन महिन्यांतला हवा. बाबा हिवाळाभर पुण्यात राहून परत आले आणि लगेच बूट घ्यायला गेले, तर या तारखा चुकलेल्या असतात. आधी डॉक्टर, मग बूट.

टाचदुखी आणि सपाट पाय आहेत. इनसोलसाठी काहीच मार्ग नाही का?

कुटुंबीयांसाठी आणि निवृत्तांसाठी इनसोलचा खर्च ट्रायकेअरकडून नाही. पण टाचदुखीवरचा उपचार मिळतो : डॉक्टरांची भेट, फिजिओथेरपी, गरज पडल्यास इंजेक्शन. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते त्या दुखण्यावर पोटरीचे आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम बहुतेकांना उपयोगी पडतात. महागडा साच्याचा इनसोल घेण्याआधी दुकानात मिळणारा बरा तयार इनसोल काही आठवडे वापरून बघा. पुष्कळांना तेवढ्याने आराम पडतो.

जोडीदार नागरी नोकरीत असेल आणि तिथे 'एफएसए', म्हणजे औषधोपचारासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं, असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इनसोलचा खर्च त्यातून करता येतो. 'एचएसए' हे औषधोपचारासाठीचं बचत खातं मात्र चालत नाही, कारण ट्रायकेअर असलेल्या माणसाला त्यात पैसे भरता येत नाहीत.

भोवरी कापणं, घट्टे घासणं, नखं काढणं ही नेहमीची देखभालही वगळलेली आहे. मधुमेह, नसांचा आजार किंवा रक्तवाहिन्यांचा आजार पायापर्यंत पोहोचला असेल, तर ती मिळते.

मुलगी स्वतः सैन्यात आहे. तिलाही हेच नियम का?

नाही. सेवेतल्या सैनिकाची गोष्ट वेगळी, कारण तिला ड्यूटीसाठी तंदुरुस्त ठेवणं ही सैन्याचीच जबाबदारी आहे. तिने आधी आपल्या तळावरच्या लष्करी दवाखान्यात दाखवावं. मोठ्या लष्करी रुग्णालयांत पोडियाट्री आणि ऑर्थोटिक्सचे विभाग असतात आणि तिथे बनवलेल्या गोष्टींचे पैसे तिला पडत नाहीत. तिथे सोय नसेल तर बाहेर पाठवण्याची व्यवस्था आहे, आणि एखादी वगळलेली गोष्ट ड्यूटीसाठी आवश्यक असेल तर सवलतीचा अर्जही करता येतो. तो अर्ज लष्करी डॉक्टरांमार्फतच जातो. तिने स्वतः बाहेरून घेऊन बिल लावू नये.

लष्करी ऑर्थोटिक्स कुठवर पोहोचलंय, हे सॅन अँटोनिओला दिसतं. ब्रुक आर्मी मेडिकल सेंटरजवळ २००७ साली 'सेंटर फॉर द इंट्रेपिड' हे पुनर्वसन केंद्र सुरू झालं. इराक-अफगाणिस्तानातून येणाऱ्या पुष्कळ सैनिकांचे पाय स्फोटात चिरडलेले होते. शल्यविशारदांनी ते वाचवले, पण ते इतके कमजोर आणि दुखरे होते की काही जण स्वतःहून पाय कापायला सांगत. कारण कृत्रिम पाय लावलेला शेजारचा सोबती धावत होता आणि आपण काठी धरून चालतोय, हे त्यांना दिसत होतं. तिथल्या रायन ब्लँक या तज्ज्ञाने कार्बन फायबरचा एक ब्रेस घडवला, त्याचं नाव 'आयडिओ'. गुडघ्याखाली घट्ट बसणारा वरचा भाग, मागे लवचीक दांडा, खाली ताठ तळ. पाऊल टाकताना त्यात ताण साठतो आणि पुढे ढकलताना मोकळा होतो, घोट्यावरचा भार टळतो. त्याच्या जोडीला धावण्यापर्यंत नेणारं कठोर प्रशिक्षण असतं. त्या जोरावर अनेक सैनिक पाय न कापता पुन्हा धावू लागले आणि काही ड्यूटीवर परतले. 'बूट-बिट' म्हणून हसण्यावारी नेला जाणारा हा विषय माणसाला किती परत देऊ शकतो, ते या केंद्राने दाखवलं.

आमच्या खिशातून किती जाईल?

वस्तू योजनेत बसत असेल तर हे प्लॅनवर ठरतं. सेवेतल्या सैनिकाला शून्य. त्याचं कुटुंब 'प्राइम' या प्लॅनमध्ये असेल आणि रेफरल (आपल्या डॉक्टरांची शिफारस) घेऊन नेटवर्कमध्ये (ट्रायकेअरशी करार असलेल्यांकडे) गेलं, तर शून्य. 'प्राइम'मध्ये राहून रेफरलशिवाय गेलात, तर एका माणसाला ३०० डॉलर आणि कुटुंबाला ६०० डॉलरची वार्षिक वजावट, म्हणजे आधी आपणच भरायची रक्कम, आणि वरच्या रकमेतला अर्धा भाग तुमचा. हा फटका मोठा आहे आणि केवळ एका फोनने टळतो. 'सिलेक्ट' या दुसऱ्या प्लॅनमध्ये रेफरल सहसा लागत नाही, पण वाटा द्यावा लागतो. निवृत्तांच्या कुटुंबाला नेटवर्कमध्ये ब्रेससारख्या वस्तूंवर २० टक्के. ट्रायकेअरचा दर न स्वीकारणारा दुकानदार मान्य दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जादा मागू शकतो, तेही तुमच्या माथी.

ब्रेस ऑनलाइन स्वस्त मिळतो. घेऊन बिल पाठवू का?

नको. विकणारा ट्रायकेअरचा मान्यताप्राप्त पुरवठादार नसेल तर बिल परत येणार. आणि ब्रेस बसवून घ्यावा लागतो. हाड जिथे वर आलेलं असतं तिथे टेकला तर तोच जखम करतो.

मूल वाढलं, ब्रेस आखूड झाला. दुसरा मिळेल?

हो. वाढ, आजारातला बदल, वापराने झिजणं ही कारणं चालतात. नवी चिठ्ठी घ्या आणि त्यात कारण लिहून घ्या.

क्लेम नाकारला. अपील करावं का?

आधी 'ईओबी'वर, म्हणजे क्लेमचं काय झालं ते सांगणाऱ्या पत्रावर, नकाराचं कारण वाचा. इनसोल किंवा सुटा बूट नियमानेच वगळलेला आहे असं कारण असेल, तर अपिलात नियमाशी भांडता येत नाही. तिथे शक्ती घालवू नका. पण कागदात चूक असेल, म्हणजे ब्रेसला जोडलेला बूट सुटा म्हणून बिलात गेला, मधुमेहाचं निदान लिहायचं राहिलं, मधुमेहाच्या बुटाला भलताच कोड लागला, तर नक्की लढा. जास्त खोलीच्या मधुमेही बुटाचा कोड ए ५५००, साच्याच्या बुटाचा ए ५५०१. पुष्कळदा दवाखान्यानेच बिल दुरुस्त करून पुन्हा पाठवलं की काम होतं, अपिलाची वेळच येत नाही. औपचारिक फेरविचाराची मागणी नकाराच्या तारखेपासून ९० दिवसांत पोहोचायला हवी. सोबत डॉक्टरांचं पत्र, तपासणीच्या नोंदी आणि 'ईओबी'ची प्रत जोडा.

सुट्टीत भारतात गेलो असताना ब्रेस करून घेतला, तर?

काय बसतं आणि काय नाही, हे भारतातही तेच. साधे ऑर्थोपेडिक बूट मुंबईत घेतले म्हणून मिळणार नाहीत. 'प्राइम'वाल्यांनी तातडीचं नसलेलं काम आधी मंजुरी घेतल्याशिवाय तिथे करू नये. भारतात साधारणपणे आधी पैसे भरायचे आणि नंतर क्लेम करायचा. परदेशातल्या उपचाराचा क्लेम तीन वर्षांपर्यंत करता येतो, अमेरिकेतल्याचा एका वर्षातच. फॉर्म डीडी २६४२ भरा, निदानासह तपशीलवार बिल लावा आणि पैसे भरल्याचा पुरावा जोडा. 'पावती मिळाली' एवढं लिहिलेली चिठ्ठी पुरत नाही. रोख देण्यापेक्षा कार्डाने द्या.

'फॉर लाइफ'वाले निवृत्त लोक भारतात राहत असतील, तर तिथे मेडिकेअर काहीच देत नाही, ट्रायकेअर पहिलं होतं आणि वाटा पेशंटला द्यावा लागतो. तरीही भाग 'बी' चालू ठेवावाच लागतो.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना मुलाच्या ट्रायकेअरवर बूट मिळतील?

हा प्रश्न फार आशेने विचारला जातो आणि उत्तर निराशेचं आहे. स्पॉन्सरवर अवलंबून असलेले आई-वडील किंवा सासू-सासरे ट्रायकेअरमध्ये येत नाहीत. अर्ध्याहून जास्त खर्च मुलगा करतो हे सिद्ध होऊन त्यांची डीअर्समध्ये नोंद झाली, तर लष्करी रुग्णालयात जागा असेल तेव्हा त्यांना दाखवता येतं, आणि काही ठिकाणी लष्करी रुग्णालयातच प्राथमिक उपचार देणारं 'ट्रायकेअर प्लस' घेता येतं. बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या बुटाचं बिल त्यावर चालत नाही. मधुमेही आई सहा महिन्यांसाठी येणार असेल, तर तिचे बूट आणि दोन जादा इनसोल भारतातच करून आणणं स्वस्तही पडतं आणि तिच्या ओळखीच्या कारागिराकडून नीट बसवूनही मिळतात.

माझे वडील भारतीय सैन्यातून निवृत्त आहेत. त्यांच्यासाठी काय?

त्यांचा ट्रायकेअरशी संबंध नाही. त्यांच्यासाठी १ एप्रिल २००३ पासून सुरू असलेली माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे. तिची सुरुवात जवळच्या पॉलिक्लिनिकपासून होते, रेफरल तिथूनच घ्यायचं. कृत्रिम अवयव आणि कॅलिपरच्या कामासाठी पुण्यात वानवडीला लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी १९४४ साली उभं राहिलेलं. तिथे पैसे भरून नागरिकांनाही उपचार घेता येतात.

ट्रायकेअर नाही म्हणालं. व्हीए, म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं, देईल का?

तुम्ही स्वतः माजी सैनिक असाल आणि व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव नोंदवलेलं असेल, तर आधी तिथेच विचारा. व्हीएचा प्रोस्थेटिक्स विभाग वैद्यकीय गरज असलेल्या माजी सैनिकाला ब्रेसबरोबरच ऑर्थोपेडिक बूट आणि इनसोलही देतो. ट्रायकेअरने वगळलेल्या गोष्टींसाठी निवृत्त सैनिकाकडे असलेला हा सगळ्यात चांगला मार्ग आहे, आणि तो न वापरणारे खूप आहेत. एकाच वस्तूचं बिल दोन्हीकडे लावता येत नाही, आणि व्हीएचा हा हक्क पत्नीला किंवा मुलांना मिळत नाही. व्हीएच्या प्राथमिक डॉक्टरांना पोडियाट्रीचं रेफरल मागा. तिथले डॉक्टर लिहून देतात आणि मागणी तिथूनच प्रोस्थेटिक्स विभागाकडे जाते.